फटफटीच्या अनोळखी भागांची ओळख

खेड्यातील बहुतेक जुन्या घरांत वर्षानुवर्षे न उघडलेला एखादा पत्र्याचा डबा असतोच. तो पडवीच्या कोपऱ्यात असेल, पोटमाळ्यावर असेल, नाहीतर गोठ्यातील फळीवर असेल. वडिलांनी अथवा आजोबांनी ज्या फटफटीवर बसून बाजार केला, लग्नाकार्याची आमंत्रणे पोहोचविली, प्रसंगी अपरात्री डॉक्टरांना घरी आणले, ती फटफटी एव्हाना मोडीत गेलेली असते किंवा चाकांवाचून भिंतीला टेकून उभी असते. तिचे सुटे भाग मात्र तेलाने काळवंडलेल्या त्या डब्यात शिल्लक राहतात. एके दिवशी भंगारवाला दारात येतो, डबा तराजूत ओततो आणि किलोच्या भावाने पैसे मोजतो. त्यास कोणी अडवीत नाही. कारण डब्यात काय आहे हे सांगू शकणारे माणूस आता घरात नसते.

असा डबा विकण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्यापायी खर्च करावी, असे आम्ही सुचवितो. ह्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, ज्या कारखान्यांनी हे भाग घडविले त्यांतील बरेच आज उरलेले नाहीत. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. बर्मिंगहॅमच्या जुन्या बी. एस. ए. कारखान्याचा व्यवसाय १९७० नंतरच्या काही वर्षांत कोसळला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये आपल्या बाजारात पुन्हा अवतरले खरे. परंतु त्या नव्या गाड्यांच्या इंजिनाचे भाग जुन्या गाड्यांस लागू पडत नाहीत. म्हणून आपणांस निरुपयोगी वाटणारा एखादा दांडा किंवा दट्ट्या दुसऱ्या गावी कोणी वर्षभर शोधीत असण्याचा संभव असतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ओळख न पटलेला भाग केवळ ‘बसतो’ म्हणून गाडीला लावणे म्हणजे बसणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. ‘बसतो’ आणि ‘त्याच गाडीचा आहे’ ह्या दोन गोष्टींत जे अंतर आहे, तेच आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

आपल्या भागांत हे जुने लोखंड आले कोठून, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्यायोगे शोधाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बी. एस. ए. एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३-एल अशा गाड्या फार मोठ्या संख्येने तयार झाल्या. एकट्या एम-२०चीच संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. युद्ध १९४५ मध्ये संपल्यावर अशा कित्येक गाड्या सैन्यातून निघून सामान्य माणसांच्या हाती आल्या. १९५५ मध्ये मद्रास येथे रॉयल एन्फील्डची बुलेट बांधण्यास प्रारंभ झाला. १९६१ पासून म्हैसूरची जावा रस्त्यावर आली व पुढे तीच येझदी ह्या नावाने ओळखली गेली. पोलंडच्या एस. एच. एल. गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत काढली. गोव्यात तर प्रवासी वाहणाऱ्या ‘पायलट’ बंधूंमुळे फटफटी ही कित्येक कुटुंबांची भाकर झाली. तेव्हा आपल्या डब्यातील भाग बहुधा ह्याच मंडळींपैकी एखादीचा असावा, असा प्रथम तर्क करण्यास हरकत नाही. मात्र तो तर्कच आहे, निर्णय नव्हे, ही जाणीव ठेवावी.

डबा उघडताच भाग घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह होतो. तो आवरावा. पॉलिश कागद किंवा तारेचा ब्रश ह्यांनी गंज जातो, परंतु त्याबरोबर बारीक ठोकलेली अक्षरेही जातात. आणि ती अक्षरे हेच त्या भागाचे जन्मपत्र असते. रॉकेलमध्ये भिजविलेली चिंधी आणि मऊ ब्रश एवढ्यावर भागवावे, व हे काम चुलीपासून व दिव्यापासून दूर उघड्यावर करावे. ब्रेकचे जुने बूट व क्लचच्या जुन्या पट्ट्या ह्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ छातीत गेल्यास घातक ठरते. म्हणून त्या कोरड्या घासू नयेत, फुंकू नयेत, ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे, आणि मुलांना त्यापासून लांब ठेवावे. आणखी एक सावधगिरी अशी की, जुन्या मिस्त्रीने काही भाग एका तारेत ओवून ठेवले असतील तर ती तार सोडू नये. ते भाग एकाच ठिकाणाहून निघाले होते, अशी ती मूक साक्ष असते.

आता वाचनास आरंभ करावा. अक्षरे दोन प्रकारची आढळतात. काही ओतीव कामातच उठावाने आलेली असतात, तर काही मागाहून ठशाने ठोकलेली असतात. उठावाचा आकडा बहुधा साच्याचा असतो. एकाच साच्यातून निघालेल्या कच्च्या मालास निरनिराळी भोके पाडून निरनिराळ्या गाड्यांचे भाग बनविता येतात. म्हणून केवळ उठावाच्या आकड्यावर विसंबणे बरे नव्हे. ठोकलेला आकडा अधिक विश्वासार्ह असतो. दोन्ही असल्यास दोन्ही लिहून घ्यावेत, आणि कोणता कोणत्या प्रकारचा तेही नमूद करावे.

ह्यानंतरची गफलत इतकी सार्वत्रिक आहे की तिचा विस्ताराने उल्लेख करणे अवश्य आहे. आपल्या घरातील भांड्यांवर नाव कोरलेले असते ते अहेर देणाऱ्याचे किंवा मालकाचे. ते भांडे घडविणाऱ्या कारागिराचे नसते. फटफटीच्या भागावर नेमके उलट असते. तेथील नाव पुष्कळदा त्या भागाच्या कर्त्याचे असते, गाडीचे नव्हे. डायनामोवर ‘लुकास’ असे आढळले म्हणून ‘लुकास नावाची गाडी’ शोधीत बसणारे लोक असतात. लुकास कंपनी विजेचे सामान करीत असे व ते बी. एस. ए., नॉर्टन, ट्रायम्फ, एन्फील्ड अशा अनेकांस पुरवीत असे. ‘अमाल’ हे नाव कार्बोरेटरचे. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स ह्या तीन कंपन्या १९२७ च्या सुमारास एकत्र येऊन ती संस्था झाली, आणि इंग्लंडातील बहुतेक गाड्यांनी तिचाच माल वापरला. ‘स्मिथ्स’ हे वेगदर्शक घड्याळाचे, तर ‘बर्मन’ व ‘अल्बियन’ ही गियरपेट्यांची नावे. मूळच्या चेकोस्लोव्हाक जावावर विजेच्या सामानास ‘पाल’ आणि कार्बोरेटरला ‘जिकोव्ह’ अशी नावे दिसतात. ह्या नावांवरून देश व काळ ह्यांचा सुगावा लागतो. गाडी कोणती, हे मात्र पुढच्या आकड्यांवरून ठरते.

उदाहरणार्थ, अमालचा ‘मोनोब्लॉक’ कार्बोरेटर १९५५ च्या सुमारास आला. त्याच्या अंगावर ३७५, ३७६ किंवा ३८९ असा आकडा, पुढे तिरकी रेघ आणि पुन्हा एक आकडा असतो. रेघेपूर्वीचा आकडा कार्बोरेटरचा लहानमोठेपणा दाखवितो, तर रेघेनंतरचा तो कोणत्या गाडीसाठी जुळविला होता हे सांगतो. केवळ ‘३७६’ एवढेच लिहून घेणारा माणूस माहितीचा महत्त्वाचा अर्धा भाग डब्यातच ठेवून येतो. १९६७ पासूनच्या ‘कॉन्सेन्ट्रिक’ जातीत ६२६, ९३० असे आकडे येतात. तेथे शेवटचे दोन अंक नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये देतात, म्हणजे ९३० याचा अर्थ ३० मिलिमीटर. लुकासच्या कित्येक यंत्रांवर महिना व वर्ष ठोकलेले असते. त्यावरून निदान तो भाग केव्हाचा हे कळते.

गाडीच्या कारखान्याची स्वतःची चिन्हेही असतात. एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका म्हणजे बी. एस. ए.; कारण तो कारखाना मूळचा शस्त्रे बनविणाऱ्यांचा. तोफ ही रॉयल एन्फील्डची खूण. पंख असलेले इंग्रजी ‘एम’ अक्षर मॅचलेसचे. टोकदार बाणाची तीन रेघांची खूण दिसल्यास तो ब्रिटिश सरकारी भांडाराचा माल समजावा. गाडीचे नाव मात्र त्यावरून कळणार नाही. युद्धोत्तर काळातील बी. एस. ए.च्या भागांवर दोन अंक, आडवी रेघ व चार अंक अशी रचना आढळते. त्यातील पहिले दोन अंक तो भाग मुळात कोणत्या जातीसाठी योजिला होता हे दर्शवितात: ९० म्हणजे बँटम, ४० म्हणजे सी-१५, ६७ म्हणजे ए-७ व ए-१०. पुढे तोच भाग अन्य जातींतही वापरला गेला असेल. तथापि शोधाला आरंभ करण्यास एवढे पुरेसे असते.

अक्षरे नसतील किंवा झिजली असतील तर मापाकडे वळावे. त्यासाठी व्हर्निअर हे साधन हवे. गावातील सुताराच्या किंवा लेथवाल्याच्या दुकानात ते मिळू शकते. पिस्टनचा व्यास हा बोलका पुरावा आहे. जुन्या ३५० बुलेटचे सिलिंडर ७० मिलिमीटरचे, ५०० बुलेटचे ८४चे, जावा २५०चे ६५चे, बी. एस. ए. एम-२०चे ८२चे, नॉर्टन १६-एचचे ७९चे, मॅचलेस जी-३-एलचे ६९चे, आणि चिमुकल्या बँटम १२५चे ५२ मिलिमीटरचे. पिस्टनच्या माथ्यावर ‘२०’ किंवा ‘४०’ असे अधिक चिन्हासह लिहिलेले असल्यास ते सिलिंडर घासून मोठे केल्यावर बसविलेले वाढीव माप होय. विलायती गाड्यांत ते इंचाच्या हजाराव्या भागात असते. ते वजा करूनच मूळ माप काढावे. पिस्टनच्या बाजूला खिडक्या कापलेल्या असतील आणि रिंगांच्या खाचेत बारीक खुंटी असेल, तर तो बहुधा टू-स्ट्रोक गाडीचा. तेल निथळण्यासाठी खालच्या खाचेत भोके असतील तर तो फोर-स्ट्रोक गाडीचा.

परंतु येथेही एका मापावर संतुष्ट होऊ नये. बुलेटप्रमाणेच युद्धकाळातील ट्रायम्फ ३-एच-डब्ल्यू ह्या गाडीचे सिलिंडरही ७० मिलिमीटरचेच होते. दोन्ही पिस्टन टेबलावर शेजारी ठेवले तर अननुभवी डोळ्यास ते भाऊभाऊ वाटावेत. म्हणून पिस्टनच्या आडव्या पिनेचा व्यास आणि त्या पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची ही आणखी दोन मापे घ्यावीत. तिन्ही जुळली तरच ओळख पटली असे म्हणावे.

छऱ्यांच्या बेअरिंगची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, कारण त्यांच्या आकड्यांची भाषा जगभर एकच आहे. ६२०४ ह्या आकड्यातील शेवटचे दोन अंक घेऊन त्यांस पाचाने गुणावे, म्हणजे आतील भोक २० मिलिमीटर असे उत्तर मिळते, ६२०५चे २५. ह्या नियमास चार अपवाद आहेत: शेवटी ००, ०१, ०२, ०३ असल्यास भोके अनुक्रमे १०, १२, १५ व १७ मिलिमीटर असतात. असे बेअरिंग कोणत्या गाडीतून निघाले हे त्यावरून कळणार नाही. परंतु नवे आणण्यास तो आकडाच पुरे.

आता आट्यांकडे वळू, कारण सर्वांत अधिक नासधूस येथेच होते. सर जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचे पहिले सार्वत्रिक प्रमाण सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. पुढे सायकलींसाठी निराळे प्रमाण ठरले. त्याचा कोन ६० अंशांचा आणि बहुतेक आकारांत इंचास २६ आटे. विलायती फटफटींनी दोन्ही प्रमाणे वापरली. जावा मात्र मिलिमीटरच्या मापाची. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि मिलिमीटरच्या मापाचा आठचा बोल्ट ८ मिलिमीटरचा. हा फरक डोळ्यास दिसत नाही, बोटास जाणवत नाही. परंतु पहिल्यावर इंचास जाड आटे असल्यास १८, बारीक असल्यास २२, सायकलीचे असल्यास २६ असतात, तर दुसऱ्यावर सर्वसाधारण प्रकारात वीसहून किंचित अधिक. एकाचा नट दुसऱ्यावर दोन वेढे सुखाने जातो आणि मग अडतो. तेथे थांबणारा शहाणा. लांब दांड्याचा पाना लावून ‘बसवून टाकणारा’ माणूस आतील अ‍ॅल्युमिनियमचे आटे उखडून काढतो, आणि पन्नास-साठ वर्षे टिकलेले इंजिनाचे कवच एका क्षणात निकामी करतो.

आटे मोजण्याची फणी मिळते. ती नसल्यास पट्टी लावून एक इंचात किती आटे येतात ते मोजावे. माहीत असलेला बोल्ट शेजारी धरून दोघांचे दात एकमेकांत बसवावेत व उजेडाकडे पाहावे. मध्ये फटी दिसल्या की जात निराळी समजावी. पान्यांविषयीही एक खुलासा हवा. जुन्या विलायती पान्यावरील आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. पाव इंच असे लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटरचे असते. म्हणूनच अशा नटावर आजचा १३चा पाना जात नाही व १४चा पाना सैल बसून कोपरे झिजवितो. आपल्या पेटीतील कोणताही पाना नीट बसत नाही, हीसुद्धा त्या भागाच्या वंशाची एक खूणच होय.

काही भाग आकड्यावाचूनही आपली ओळख सांगतात. एकच दांडा किकचे काम करतो व आत दाबून फिरविल्यावर गियरचेही करतो, असा दांडा हाती आला तर तो जावा-येझदी घराण्याचा हे मानण्यास हरकत नाही. उजव्या बाजूच्या गियरपेटीवर गियरच्या दांड्याजवळ आणखी एक आखूड दांडा असेल, जो टाचेने दाबताच गाडी न्यूट्रलमध्ये येते, तर ती जुन्या बुलेटची अल्बियन पद्धतीची पेटी. मुलाम्याचा रंगही पाहावा. पिवळसर, उबदार झाक निकेलची असते व निळसर, थंड झाक क्रोमची. क्रोम १९३० च्या सुमारास प्रचारात आला, म्हणून मूळचा निकेल मुलामा बहुधा त्यापूर्वीचा काळ सुचवितो. भाग कोठे घासला गेला आहे ते पाहिल्यास तो कोणत्या बाजूस बसत होता व कशाला लागत होता हेही कळते.

ओळख पटेपर्यंत कोणता भाग कदापि गाडीस लावू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चाकाचा आस, ब्रेकचे दांडे व बूट, पुढच्या फोर्कचे भाग आणि हँडल ह्यांच्या बाबतीत ‘जवळपास बसते’ हा शब्दच वर्ज्य समजावा. अर्ध्या मिलिमीटरने बारीक असलेला आस दुकानापर्यंत नेईल, घाट उतरताना मात्र दगा देईल. आणि त्या वेळी मागे बहुधा घरचेच कोणी बसलेले असते. इंजिनाच्या कवचाची दोन शकले जोडीने घडविलेली असतात, व कित्येक विलायती गाड्यांत दोहोंवर एकच जुळणीचा आकडा ठोकलेला असतो. आकडे भिन्न असतील तर ती दोन निरनिराळ्या इंजिनांची शकले होत. ती जोडली तरी आतील दांडा सरळ रेषेत फिरेल याची शाश्वती नसते.

इंजिनाचा व चासीचा क्रमांक ही बाब तर कायद्याशी निगडित आहे. ज्यावरील क्रमांक घासून काढला आहे असे कवच कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आपल्या घरच्या भागावरील क्रमांक जुन्या आर. सी. पुस्तकाशी ताडून पाहावा, आणि ते पुस्तक डब्यासारखेच जपून ठेवावे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचा नियम केला. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले व मोठा फेरबदल न झालेले दुचाकी वाहनही त्यात येते. अर्थात ज्याच्या डब्यात मूळ भाग शाबूत आहेत, त्याच्या पोटमाळ्यावरील जुन्या सांगाड्याला ह्या नियमाने नवा अर्थ आला आहे.

शेवटी सर्वांत मोठ्या ग्रंथाविषयी. कारखान्यांनी छापलेल्या भागांच्या याद्या आजही मिळतात, आणि इंग्लंडात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबने जुन्या नोंदींचे मोठे भांडार जपले आहे. परंतु आपल्या तालुक्याच्या गावी ज्या वृद्ध मिस्त्रीने चाळीस-पन्नास वर्षे हीच यंत्रे उघडली व मिटविली, त्याच्या बोटांत जे ज्ञान आहे ते कोणत्याही यादीत छापलेले नाही. गोव्यातील निवृत्त पायलटांचीही तीच गोष्ट. त्यांच्याकडे डबा घेऊन जावे, एकेक भाग त्यांच्या हाती द्यावा आणि ते जे सांगतील ते लगेच लिहून घ्यावे. तरुणांच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा असतोच. भागाशेजारी पट्टी ठेवून त्याची छायाचित्रे काढावीत. मग प्रत्येक भागास दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. तिच्यावर भागाचे नाव, ठोकलेले आकडे, मापे, ओळख कोणी सांगितली, व ती निश्चित की संशयित, एवढे लिहावे. धर्मग्रामाच्या नोंदवहीत एका ओळीत लिहिलेले नाव शंभर वर्षांनी नातवाला आपले मूळ दाखविते; लोखंडाच्या तुकड्यालाही तशी एक ओळ पुरते.

इतके करूनही काही भाग अनोळखीच राहतील. त्यांवर ‘अज्ञात’ अशी चिठ्ठी बांधून ते वेगळे ठेवावेत, कारण खोट्या नावापेक्षा कोरी चिठ्ठी बरी. बाकीचे विकावयाचे असतील तर खुशाल विकावेत, मात्र किलोच्या भावाने नव्हे, त्यांच्या नावाने विकावेत. आणि भिंतीला टेकलेली ती फटफटी पुन्हा रस्त्यावर आणण्याची उमेद घरातील एखाद्या मुलास झालीच, तर त्याच्या हाती अंदाज न देता हा नीट लावलेला डबा द्यावा.